दहाचा पाना

"तिसऱ्यातच अडकलीय बघ. गियर खाली पडतच न्हाय," सर्जेराव म्हणाला आणि त्यानं गाडी माझ्या गॅरेजपुढं स्टँडला लावली.

मी मान वर केली नाही. शाळेतल्या मास्तरांच्या गाडीच्या चेनला तेल घालत होतो, ते घालतच राहिलो. आवाज ओळखला होता. न ओळखायला काय झालं? वर्षभर ज्याच्या नावानं बोटं मोडली त्याचा आवाज कोण विसरतं!

"रंगा, ऐकतोयस न्हवं?"

"कान शाबूत हायत माझे. पाय तेवढा गेलाय."

मी काठी घेऊन उठलो. खरं तर काठीची गरज सरून दोन महिने झाले होते, पण त्याला ती दिसायला पाहिजे होती. मुद्दाम दोन पावलं जास्त लंगडलो.

"दुसरीकडं ने गाडी," मी म्हणालो.

"दुसरीकडं कुठं नेऊ? मागं पंधरा मैलांत गॅरेज न्हाय आणि पुढं घाट. खाली चिपळूणला जायचंय रे. सकाळी सासरवाडीचा सांगावा आला. पोरगी झाली मला."

एवढं बोलताना त्याचं तोंड फुललं, आणि माझ्याकडं नजर जाताच लगेच मिटलं. त्याला पोरगी झाली होती. माझी ठरत आलेली सोयरीक मी खाटेवर पडून असतानाच मोडली होती. मुलीच्या मामानं येऊन माझ्या आईला सांगितलं होतं, "बाई, मुलगा चांगलाय तुमचा, पण पायाचं काय खरं न्हाय." आईनं त्याला चहा पाजून पाठवलं आणि मग मोरीत जाऊन रडली. मी खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होतो. त्या दिवशी ठरवलं होतं, सर्जाला असाच पाडायचा. मारायचा नाही, पाडायचा. डावा पाय मोडला पाहिजे त्याचा, गुडघ्याच्या खाली, जिथं माझा मोडला तिथंच.

झालं होतं ते असं. सर्जा आणि मी एका बाकावरचे. दोघांनाही गाडीचं वेड. दसऱ्याला आमच्याकडं नदीकाठच्या मैदानात मोटारसायकलच्या शर्यती व्हायच्या, मातीत आखलेल्या रिंगणात, दहा राऊंडच्या. पहिल्या येणाऱ्याला ढाल. दोन वर्षं ढाल माझ्या घरी आली आणि दोन्ही वर्षं सर्जा दुसरा. पहिल्या वर्षी त्यानं मला खांद्यावर घेऊन नाचवलं. दुसऱ्या वर्षी नुसता हात मिळवला. तिसऱ्या वर्षीपर्यंत आमचं बोलणंच बंद झालं होतं. कारण काय, तर कुणीतरी त्याला सांगितलं की रंगा म्हणतो, सर्जाला नुसता ॲक्सिलेटर पिळता येतो. मी तसं म्हणालो होतो, ते काही खोटं नव्हतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. मी सकाळपासून गाडी चकाचक केली. गियरचा लिव्हर गंजला होता, तो काढून घासला, त्याला काळा रंग दिला, उन्हात वाळवला आणि परत बसवला. आईनं पाटावर गॅरेजची हत्यारं मांडली. पाने, पक्कड, हातोडी, सगळ्यांना हळदकुंकू लावलं. गाडीला झेंडूची माळ घातली. आमच्या घरचा दंडक असा, की पूजेला बसलेल्या हत्याराला दसऱ्याचं शिलंगण होईपर्यंत हात लावायचा नाही. माझा बापही तसाच वागला आणि त्याचा बापही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात सगळ्या गाड्या ओळीनं लागल्या. मी हेल्मेटचा पट्टा आवळत होतो. खाली बघतो तर सर्जा माझ्या गाडीच्या डाव्या अंगाला वाकलेला, आणि त्याचा हात माझ्या गियरच्या लिव्हरवर. मी डोळ्यांनी बघितलं.

"लांब हो रे भाड्या!" मी चारचौघांत ओरडलो.

तो उभा राहिला. माझ्याकडं बघितलं, काही बोलणार असं वाटलं, आणि मग दात काढून हसला. आपल्या गाडीकडं निघून गेला.

तिसऱ्या राऊंडला मी पुढं होतो. उताराच्या वळणावर दुसरा गियर पाडायला पाय दाबला, तर लिव्हर पायाखाली भोवऱ्यासारखा फिरला. गियर पडलाच नाही. गाडी वळायच्या ऐवजी सरळ गेली ती बांधावर. पुढचं आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा पायात सळई होती आणि आई उशाशी.

लिव्हरचा बोल्ट ढिला झाला होता. बोल्ट काय आपोआप ढिला होतो? मी आईला सांगितलं, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, सर्जानं माझा बोल्ट ढिला केला. ढाल त्या वर्षी त्याच्या घरी गेली. अख्ख्या गावानं येऊन माझा पाय बघितला, सर्जा एकदाही फिरकला नाही. ह्याच्याहून मोठा पुरावा कुठला पाहिजे? लिव्हर मी बोल्टासकट तसाच फडक्यात गुंडाळून ठेवायला सांगितला. कधीतरी पंचांपुढं मांडीन म्हणून. पुढं तो गॅरेजच्या भिंतीला खिळ्यावर टांगला. येता-जाता दिसला पाहिजे, राग शिळा होता कामा नये.

सळई बसली, हाड जुळलं, पण पंजा वर उचलेना. डॉक्टर म्हणाले, बोटांना काम द्या. आईनं डॉक्टरवर कडी केली. जमिनीवर पसाभर चिंचोके पसरले आणि बाजूला वाटी ठेवली.

"पायाच्या बोटांनी उचल आणि वाटीत टाक."

"आई, व्हत न्हाय गं."

"सर्जाला शिव्या द्यायला बरं व्हतं!"

मग मी तेच केलं. एक चिंचोका, एक शिवी. पहिल्या आठवड्यात दिवसभरात चार चिंचोके व्हायचे. घामानं सदरा ओला व्हायचा. दिवाळीनंतर वीस झाले, शिमग्याला वाटी भरली. आई ताक घुसळत बसलेली असायची आणि मध्येच म्हणायची, "ही शिवी कालच दिली होतीस, नवीन दे." मी हसायचो, पण शिवी मनापासूनच असायची. माझा पाय औषधानं बरा झाला असं कुणी म्हणालं तर मी मानणार नाही. तो सर्जाच्या द्वेषानं बरा झाला. बरा म्हणजे चालण्यापुरता. गाडीवर मात्र मी परत बसलो नव्हतो. दुरुस्त करायचो, ढकलून बाहेर लावायचो. बसायचं म्हटलं की तो बांध दिसायचा.

आणि अकरा महिन्यांनी हा माझ्या दारात. तिसऱ्यात अडकलेली गाडी घेऊन.

"मधल्या स्टँडवर घे," मी म्हणालो.

त्यानं घेतली. मी आधी क्लचची वायर बघितली, ताण बरोबर होता. मागचं चाक हातानं फिरवत लिव्हर खाली दाबला. थोडा गेला आणि टक्क करून थांबला. परत दाबला, परत टक्क. हा आवाज आतल्या दातांचा नव्हता, आत काही तुटलं असतं तर वेगळा लागला असता. लोखंडावर लोखंड आपटत होतं, तेही बाहेर. वाकून बघितलं तर लिव्हर आत वाकलेला, त्याचं कोपर इंजिनाच्या झाकणाला जाऊन भिडत होतं. पुरता दाबलाच जात नव्हता, तर गियर पडणार कुठून?

"डाव्या अंगावर पडली होती काय?"

"काल म्हशीनं ढुशी देऊन पाडली. गोठ्यात."

"गियरबॉक्सला काय न्हाय झालं. लिव्हर वाकलाय."

"आयला, एवढंच व्हय!" त्यानं सुस्कारा टाकला. "मला वाटलं इंजिन उतरवाय लागतंय. आज पोरीचं तोंड दिसत न्हाय म्हटलं."

इंजिन उतरवायला लागेल असं सांगून मी त्याला आठवडाभर लटकवू शकलो असतो. तेवढ्यावर भागवलं असतं तर बरं होतं. पण लिव्हर सरळ करायचा तर काढावा लागतो, आणि काढायचा तर तोच बोल्ट खोलावा लागतो. दहाचा पाना हातात घेतला आणि ध्यानात आलं. देवानंच ताट वाढून पुढं ठेवलं होतं.

लिव्हर काढला, ऐरणीवर ठेवून चार घाव घातले, सरळ केला. सर्जा दारातच उभा होता. भिंतीवरचा माझा लिव्हर त्यानं बघितला असणार, कारण त्यानंतर तो माझ्याकडं बघायचं टाळून रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. निदान मला तसं वाटलं. मी लिव्हर शाफ्टच्या दात्यांवर बसवला, बोल्ट आत घातला आणि बोटांनी फिरवला. बोटांनी जेवढा बसतो तेवढा. पाना लावला नाही.

"झाली," मी म्हणालो.

"काय द्यायचं?"

"काय नको. पोरगी बघून ये."

हे बोलताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही. "रंगा," एवढंच तो म्हणाला. किक मारली आणि घाटाच्या दिशेनं निघाला. मैलभर सपाट रस्ता, मग घाटाचं पहिलं वळण, आणि तिथून सोळा वळणं खाली. तिसऱ्या नाहीतर चौथ्या वळणाला तो गियर पाडायला पाय दाबणार होता.

मला वाटलं होतं, बरं वाटेल. खोटं कशाला सांगू, वाटलंही. आवाज दूर जाईपर्यंत मी दारात उभा राहून हसलो. मग मास्तरांच्या गाडीचं राहिलेलं काम पुरं केलं, आत आलो आणि भिंतीवरचा माझा लिव्हर खाली काढला. आता त्याचं काम झालं होतं, भंगारात टाकायचा होता.

टाकण्याआधी सहज बोल्ट काढला. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच. आणि बघतच राहिलो.

आत्ता सर्जाचा बोल्ट खोलला तेव्हा त्याच्या डोक्याखाली लिव्हरवर एक चकचकीत गोल दिसला होता. प्रत्येक लिव्हरवर असतो. पान्यानं बोल्ट आवळला की डोकं रंगात रुततं, रंग सोलून निघतो आणि खालचं लोखंड उघडं पडतं. बोल्ट नंतर ढिला करा, काढून फेकून द्या, गोल जात नाही. माझ्या लिव्हरवर तो गोल नव्हता. खंडेनवमीला मी दिलेला काळा रंग बोल्टच्या जागी जसाच्या तसा होता. ब्रशची रेघसुद्धा मोडली नव्हती.

म्हणजे रंग दिल्यानंतर त्या बोल्टला पाना लागलाच नव्हता. जो आवळलाच नव्हता तो सर्जानं ढिला कसा केला असेल?

आणि मग सगळं आठवलं. मी अंगणात लिव्हर बसवतोय, बोल्ट बोटांनी फिरवतोय, आणि आई आतून ओरडतेय, "रंगा, दहाचा तेवढा राहिलाय, आण लवकर, निरांजन विझतंय!" मी पाना नेऊन पाटावर ठेवला. म्हटलं, उद्या आवळू. उद्या सकाळी पाना हळदकुंकवात बसलेला, शिलंगण दुपारी आणि शर्यत दहाला. आणि मी विसरलो. मीच विसरलो. वर्षभर वाटीभर चिंचोके सर्जाच्या नावानं उचलले आणि बोल्ट माझ्याच हातचा होता.

"अरे देवा," मी मोठ्यानं म्हणालो.

काठी कुठं राहिली मला माहीत नाही. मास्तरांची गाडी दारात तयार होती. तिच्यावर टांग टाकली तेव्हा भीती वाटायला वेळच नव्हता. किक मारली, पहिला टाकला. दुसऱ्यासाठी पंजानं लिव्हर वर उचलायचा तर पंजा उचलेना, म्हणून टाचेनं मागून दाबला. सळईतून कळ डोक्यात गेली. टाचेनंच तिसरा टाकला. सगळा रस्ता मी सर्जाला शिव्याच देत होतो, पण आता म्हणत होतो, हळू जा भाड्या, हळू जा, गियर पाडू नको.

पहिल्या वळणाच्या कठड्यापाशी त्याची गाडी उभी होती. तो कठड्यावर बसला होता, हात छातीशी बांधून. पडलेला नव्हता. मी ब्रेक दाबले आणि गाडीसकट जवळजवळ त्याच्या अंगावरच गेलो.

"आलास," तो म्हणाला.

"सर्जा, बोल्ट... तुझा बोल्ट..."

"माहीत हाय. तू पाना लावला न्हाईस. काचेत दिसत होतं मला, आरशात, गाडीच्या." त्यानं हँडलच्या आरशाकडं बोट केलं. "पहिल्यातच हळूहळू आणली इथवर. म्हटलं, येतोय का बघू. पाव तास झाला बसलोय."

"आणि न आलो असतो तर?"

"तर फिट्टंफाट समजून स्वतः आवळला असता आणि गेलो असतो."

कठड्याला धरून मी त्याला सगळं सांगितलं. रंग, गोल, खंडेनवमी, पूजेतला पाना. म्हणालो, "तू न्हाय ढिला केलास. मीच आवळला नव्हता. वर्षभर तुझी बदनामी केली गावात. चूक झाली माझी."

मला वाटलं, आता तो चिडेल, नाहीतर गळ्यात पडेल. त्यानं मान खाली घातली.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"काय ठाऊक होतं?"

"तुझा लिव्हर डुगडुगत होता, रंगा. लाइनीत उभं असतानाच दिसलं मला. वाकून हात लावून बघितलं. ढिला होता. सांगायला तोंड उघडलं आणि तू भाड्या म्हणालास सगळ्यांदेखत. मग म्हटलं, जाऊ दे." त्यानं मान हलवली. "न्हाय, तसं न्हाय. शिवीचं निमित्त. तुला सांगितलं असतं तर तू आवळून घेतला असतास आणि ढाल परत तुझीच. म्हणून न्हाय सांगितलं. गाडी बंद पडंल एवढंच वाटलं होतं, आईशप्पथ. पाय मोडंल असं न्हाय वाटलं."

"म्हणून आला न्हाईस दवाखान्यात."

"कुठल्या तोंडानं येऊ?"

मी त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. अकरा महिने साठवलेली होती, सगळी दिली. तो हलला नाही. गालावर पाच बोटं उठली. खालून एक ट्रक हॉर्न वाजवत वळणावर आला आणि आम्हा दोघांकडं बघत वर निघून गेला.

सर्जानं गाडीच्या बाजूच्या डब्यातून पाना काढला, दहाचा, आणि माझ्यापुढं धरला.

"आवळ."

"तूच आवळ की."

"तू ढिला सोडलास, तू आवळ. मला पोरीकडं जायचंय."

माझा गुडघा पुरता वाकत नव्हता. रस्त्यावर बूड टेकून बसलो आणि बोल्ट आवळला. तो शेजारी उकिडवा बसून बघत होता. "अजून," म्हणाला. मी अजून आवळला. मग त्यानं लिव्हर हातानं हलवून बघितला, गाडीवर बसला आणि गेला. सोळाही वळणांचा आवाज मी वरून ऐकला. प्रत्येक वळणाला गियर नीट पडत होता.

ह्याला सव्वीस वर्षं झाली. पुढच्या दसऱ्याला मैदानात मी सगळ्यांदेखत सांगितलं की बोल्ट मीच आवळला नव्हता. माझी चूक सांगितली, त्याची नाही सांगितली. ती आज पहिल्यांदा सांगतोय, आणि सांगताना बरं वाटतंय, हेही लपवत नाही.

खंडेनवमीला माझी सगळी हत्यारं अजून पाटावर बसतात. दहाचा पाना तेवढा माझ्या खिशात असतो. आई होती तोवर दरवर्षी बोलायची, "देवाची हत्यारं, त्यातलं एक काढून घ्यायचं म्हणजे काय!" मी ऐकून घ्यायचो आणि पाना द्यायचो नाही.

आमची मैत्री परत जमली नाही. त्याच्या पोरीच्या लग्नाला गेलो, अक्षता टाकल्या, जेवलो, आलो. पण त्याची गाडी आजही माझ्याच गॅरेजात येते. मागं दोन नवीन गॅरेजं झाली तरी त्यांना ओलांडून येतो. क्लच असो, चेन असो, काम काहीही असो, काम संपलं की मी खिशातून पाना काढतो आणि लिव्हरच्या बोल्टला लावतो. सर्जा येऊन शेजारी उकिडवा बसतो. आता गुडघे त्याचेही वाजतात. पाना फिरून थांबेपर्यंत तो बोल्टवरची नजर काढत नाही.

"आवळलास?" तो विचारतो.

"बघितलंस की."

"तू सांग."

"आवळला," मी म्हणतो, आणि मगच तो किक मारतो.